हिसानोचा डावा पीळ

हिसानो इटागाकीला आमच्या तोचिझावात येऊन एकोणपन्नास वर्षं झाली, तरी गावातले म्हातारे अजून तिला 'इटागाकींची सूनबाई' म्हणतात. सासरा जाऊन चौतीस वर्षं झाली, नवराही गेला, तिचे स्वतःचे केस पांढरे झाले, पण सूनबाईची काही बाई झाली नाही. माझं टोफूचं दुकान तिच्या घराला लागूनच. मधली भिंत एकच. त्यामुळे मी सांगते ते ऐकीव नाही, आणि कुणाला तिखट लागलं तर लागू दे.

हिसानो पेंढा वळते. आमच्याकडे कुठलाही सण घ्या, त्याला पेंढ्याचं काहीतरी लागतंच, आणि ते तिच्या खळ्यातून येतं. वर्ष सरत आलं की घरोघरच्या दारावरचे दोर. पूर्वी नव्वद दारं होती, आता चोपन्न उरलीत. त्यात नेच्याची पानं खोवायची, कडू संत्रं अडकवायचं, कागदाच्या पांढऱ्या झिरमिळ्या लावायच्या. आणि पंधरा जानेवारीला हे सगळं काढून बर्फाच्या रानात त्याची होळी करायची. पोरं त्या जाळावर तांदळाच्या चिकट वड्या भाजतात आणि हिसानो शांतपणे आपली महिनाभराची मेहनत पाव तासात जळताना बघते. मी एकदा विचारलं, जिवाला लागत नाही का गं? तर म्हणाली, "तुझा टोफू लोक कपाटात जपून ठेवतात का?"

फेब्रुवारीत सोयाबीन फेकून घरातली भुतं हाकलायची, तेवढ्या एका सणाला पेंढा लागत नाही. म्हणून ती सगळी ताकद सोयाबीन फेकण्यात घालते, आणि दुसऱ्या दिवशी तिचे दाणे माझ्या अंगणात सापडतात. मार्चमध्ये मुलींच्या कागदी बाहुल्या नदीत सोडायला पेंढ्याच्या चकत्या. लावणीच्या वेळी शेताच्या कडेला बांधायचा दोर. जून संपताना देवळात वेताएवढ्या उंच गवताचं मोठं कडं उभं करायचं आणि सगळ्या गावाने त्यातून तीनदा पार होऊन अर्ध्या वर्षाची घाण मागे टाकायची. ऑगस्टमध्ये पितर घरी येतात, त्यांनी लवकर यावं म्हणून पेंढ्याचा घोडा आणि जाताना रेंगाळावं म्हणून पेंढ्याची गाय. तिच्या गाईचे पाय मुद्दाम आखूड असतात.

आणि मग सप्टेंबरात गावदेवाची जत्रा. देवळापुढच्या कमानीवर मोठा दोर चढतो तो तेव्हा. तीन पेडांचा, एकेक पेड माणसाच्या मांडीएवढा, सगळा मिळून पाच हात लांब. या एका दोराला बाईचा हात लागायचा नाही, असा आमच्याकडे नेम होता. कुणी घातला, कधी घातला, विचारायची सोय नाही. बायकांनी चहा द्यायचा, बस्स.

आता हिसानोच्या हाताची गोष्ट सांगायला हवी. ती बंदरावरच्या गावची, आणि जन्माची डावखुरी. लग्न होऊन आली त्या दिवशी पहिल्याच जेवणाला तिने काड्या डाव्या हातात धरल्या. सासरे गेनकिचींनी वाडगा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशीपासून हिसानोच्या डाव्या मनगटाला फडक्याची पट्टी बांधलेली दिसायला लागली. घरात असेपर्यंत ती सुटायची नाही. उजव्या हाताने जेवायला शिकली, उजव्या हाताने चहा ओतायला शिकली. त्या वर्षी तिने किती वाडगे फोडले ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

त्याच हिवाळ्यात गेनकिचींचे हात आखडले. दारं नव्वद आणि वर्ष संपायला तीन आठवडे. नाइलाजाने त्यांनी सुनेला खळ्यात बसवलं. तिथे एक गंमत झाली. ओझं बांधायचा, गुरं बांधायचा दोर उजव्या पिळाचा असतो, देवाचा दोर डाव्या पिळाचा. उजव्या हाताच्या माणसाला देवाचा दोर वळताना स्वतःच्याच हाताशी भांडावं लागतं. हिसानोने पट्टी सोडून पेंढा हातात घेतला आणि तिचा हात आपोआप देवाच्या बाजूने धावायला लागला. गेनकिचींना दिवसाला चार व्हायचे, तिचे दुपारपर्यंत नऊ झाले. म्हाताऱ्याने एकेक दोर उचलून पीळ तपासला. मग म्हणाला, "खळ्यात पट्टी नको. स्वयंपाकघरात बांध."

शाबासकी म्हणायची तर एवढीच. गावात सांगितलं गेलं की यंदाचे दोर गेनकिचींनी फार सुबक वळलेत. तेव्हापासून ते जाईपर्यंत पंधरा वर्षं सगळे दोर त्यांचे, त्यानंतर तिच्या नवऱ्याचे. मला याचा संताप यायचा. हिसानोला यायचा की नाही, ते ती दाखवायची नाही. एकदाच बोलली. जूनमधलं गवताचं कडं पार करून आम्ही दोघी बाहेर आलो होतो, तिने वर कमानीकडे बघितलं आणि म्हणाली, "सावाए, एकदा तरी तिथे माझा दोर चढायला हवा. दारांवरचे चढले, शेतात चढले, मेलेल्यांच्या घोड्यांना शेपट्या लावून झाल्या. तिथे चढायला हवा." मी म्हणाले, बाई, तुझ्या तोंडात साखर पडो, पण या म्हाताऱ्यांच्या हयातीत ते होणं नाही.

तिचा नवरा शोगो म्हणजे गरीब गाय. बाप गेल्यावर मोठ्या दोराचा मुकादम तो झाला. काम असं असतं की देवळाच्या आवारातल्या देवदाराच्या फांदीला तीन पेड टांगायचे, अठरा माणसांनी गोल करून ते धरायचे आणि पीळ देत एका दिशेने फिरत एकमेकांवरून टाकायचे. दिशा सांगतो तो मुकादम. शोगो नेहमी गोलाच्या बाहेर उभा राहायचा आणि हळू आवाजात सांगायचा. एकतीस वर्षं त्याचा एकही दोर चुकला नाही. मी म्हणायचे, बोलत नसला तरी बापाचं डोकं आहे.

दोन वर्षांपूर्वी वसंतात शोगो गेला. आमच्याकडे सुतकाच्या घरातलं माणूस वर्षभर कमानीखालून आत जात नाही. त्यामुळे त्या सप्टेंबरात दोर वळताना हिसानो देवळात नव्हती. मुकादम झाले यासुतारो कुमागाई. देवळाच्या समितीचे प्रमुख, वय पंचाहत्तर, आवाज असा की माझ्या दुकानात टोफू थरथरतो. आता प्रमुख म्हटल्यावर ते कडेला कसे उभे राहतील? ते गोलाच्या मधोमध उभे राहिले, लोकांकडे तोंड करून, आणि डावा हात पसरून ओरडले, या बाजूला. लोकांचं तोंड त्यांच्याकडे. त्यांची डावी ती लोकांची उजवी. अठरा माणसं इमानदारीने उलट्या बाजूने फिरली आणि कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

दोर कमानीवर चढला. हिसानो कमानीबाहेर रस्त्यावर उभी होती. तिने वर बघितलं आणि माझा हात धरला. "उलटा आहे," ती म्हणाली. मीही बघितलं. गुरं बांधायचा पीळ. मी तिला म्हणाले, तू सुतकात आहेस, आत्ता बोललीस तर वरून तुलाच अपशकुनी म्हणतील, गप्प राहा. चूक माझी. मी बोलू द्यायला हवं होतं.

जत्रेला नदीपलीकडच्या गावाचे प्रमुख साकेचा, तांदळाच्या दारूचा, बुधला घेऊन पाहुणे म्हणून आले. कमानीखाली थांबले, वर बघितलं, आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय हो कुमागाई, देवाला बांधून कुठे न्यायचा बेत आहे?" ढोल वाजवणाऱ्या पोरांनी ढोल थांबवले. गावाचं नाक कापलं गेलं. त्यानंतर वर्षभर बाजारात, दवाखान्यात, बसथांब्यावर, पलीकडचा माणूस भेटला की विचारायचा, तुमचा देव सुटला का?

यासुतारोंना ते फार लागलं, हे मला कळतं. पण त्यांनी त्यावर जो उपाय काढला त्याने माझं डोकं फिरलं. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीला सभागृहात बैठक बोलावली आणि एक कॅटलॉग पुढे ठेवला. प्लास्टिकचा दोर. वीस वर्षं ऊन-पाऊस सोसतो, रंग पेंढ्याचाच, पीळ कारखान्यातूनच डावा. माणसं कमी झालीत, लांब पेंढा मिळत नाही, कापणीचं यंत्र त्याचा भुगा करतं, आणि चूक होण्याची भीती नाही. त्यांचं एकेक म्हणणं खरं होतं. म्हातारे माना डोलावत होते. मी हिसानोकडे बघितलं. ती सत्तरीची. वीस वर्षांचा दोर एकदा तिथे चढला की तिचा चढायचा नाही, कधीच नाही. बैठकीत बायका बोलत नाहीत. ती उभी राहिली.

लांब पेंढा माझ्याकडे आहे, ती म्हणाली. घरामागच्या तुकड्यात ती दरवर्षी जुन्या जातीचा उंच भात लावते आणि दाणा भरण्याआधी हिरवाच विळ्याने कापून सावलीत वाळवते. यंदाचाही माळ्यावर चढलाय. मोठ्या दोराला पुरेल. दोर मी वळते.

यासुतारो जरा हसले. "सूनबाई, मोठा दोर बाईच्या हातचा नसतो. आजवर कधी झालं नाही."

"झालंय," हिसानो म्हणाली. "शोगोला दिशा कधीच लक्षात राहायची नाही. दरवर्षी स्वयंपाकघरात तीन काड्या घेऊन बसायचा, मी शिकवायची, आणि देवळात जाईपर्यंत विसरायचा. म्हणून तो बाहेर उभा राहायचा, मी दिसावी म्हणून. मी चहाची किटली ज्या हातात धरायची, त्या बाजूला तो तुम्हाला फिरवायचा. एकतीस वर्षं तुम्ही माझ्या किटलीमागे फिरलात, यासुतारोसान. गेल्या वर्षी मी सुतकात होते."

भिंत एकच असून मलाही याचा पत्ता नव्हता. एक म्हातारा डोळे मिटून आठवत होता, हात हवेत, किटली कुठे होती, आपण कुठे. मग दुसराही तसंच करायला लागला. मला हसू आवरलं नाही आणि मी आवरायचा प्रयत्नही केला नाही.

यासुतारोंचा चेहरा मुळ्यासारखा पांढरा पडला, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. म्हणाले, "मग यंदाही किटली घेऊन उभी राहा. प्रश्न मिटला."

"किटली आता दुसऱ्या कुणी धरा," ती म्हणाली. "मी दोर धरणार."

शेवटी ठरलं ते असं. प्लास्टिकचा दोर मागवला जाईल. जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत हिसानोचा दोर वळून तयार असेल आणि त्याचा पीळ बरोबर असेल, तर तो चढवायचा. नसेल तर खोकं उघडायचं. समिती कुणाला मदतीला जा म्हणणार नाही, जाऊ नका असंही म्हणणार नाही. आमच्या गावात याचा अर्थ 'जाऊ नका' असाच होतो.

मग मी घरोघर फिरले. माझ्या जिभेचा गावाला जो उपयोग आहे तो हाच. माझ्यासकट बारा बायका झाल्या, दवाखान्यातल्या परिचारिकेपासून ते साठ वर्षं समितीला चहा पाजलेल्या आजींपर्यंत. बसचा चालक सुट्टी टाकून आला, म्हणाला रोज त्या बसथांब्यावरचे टोमणे मीच ऐकतो. म्हणजे आम्ही तेरा. अठरा लागतात. पाच दिवस हिसानोच्या खळ्यात पेंढा भिजवून लाकडी मोगरीने बडवला. सालं निघेपर्यंत, मऊ होईपर्यंत. माझे हात सोयाबीन दळून घट्ट झालेत, तरी रात्री चमचा धरवेना. हिसानो मात्र आमच्यात फिरत होती, पट्टीचा विषय कधीच संपलेला होता, आणि तिचा डावा हात एकेका पेंढीवरून असा जायचा की चांगली कुठली, वाईट कुठली, ते बोटांनाच कळत होतं.

जत्रेच्या आदल्या सकाळी पेड देवदाराला टांगले. देवळाच्या भिंतीला टेकून सगळी समिती हाताची घडी घालून उभी. हिसानो पेडांच्या माथ्याशी उभी राहिली आणि म्हणाली की डावी-उजवी कुणी म्हणायचं नाही. आज फक्त दोन जागा आहेत, हा देवदार आणि आवारापलीकडचा तो ओढा. देवदाराकडून निघायचं आणि ओढ्याकडे जायचं, दर फेरीला. आम्ही सुरू केलं आणि पहिल्याच फेरीत माझी तुकडी उलटी वळली. हाताची सवय, दुसरं काय. भिंतीकडून कुणीतरी खोकलं.

"सावाए, ओढा कुठे आहे?" हिसानोने विचारलं.

"मागे," मी म्हणाले.

"मग तो तुझ्याकडे यायचा नाही. तूच जा."

एक फेरी सोडवून पुन्हा धरली. त्यानंतर चुकलो नाही. पहिले दोन हात झाले, तीन झाले. मध्ये तीच म्हणत होती, देवदार, ओढा, देवदार, ओढा, आणि आम्ही तिच्या सुरात पावलं टाकत होतो. मला चांगलं आठवतं, मला वाटलं की हे व्हायला लागलं. आणि तिथेच ते अडलं. शेवटच्या दोन हातांत पेड ताठरला. अंगाची कमान करून ओढलं तरी वरून जाईना. आजींचा पाय घसरला. तेरा माणसांचं बळच पुरं पडत नव्हतं, आणि हे हिसानोला माझ्याआधी कळलं होतं.

ती भिंतीकडे वळली नाही. पुरुषांना हाक मारली नाही. पेड सैल पडू नयेत म्हणून खुंटीला बांधून घेतले आणि आम्हाला म्हणाली, "बसा. चहा घेऊ." साडेदहा वाजले होते. मला रडू यायला लागलं होतं, खरं सांगते. बारापर्यंत असं बसून काय होणार? किटली देवळाच्या पायरीवर होती. ती घ्यायला हिसानो निघाली, तेवढ्यात यासुतारो भिंतीपासून हलले, पायरीपर्यंत गेले आणि किटली त्यांनी उचलली.

"दुसऱ्या कुणी धरायची म्हणाली होतीस ना," ते म्हणाले.

त्यांनी ओतला. आधी आजींना, मग मला, मग चालकाला, अगदी शेवटी हिसानोला. अर्धा चहा बशीबाहेर गेला. त्या माणसाने आयुष्यात कुणाला चहा दिला नसेल. दिल्यावर रिकामी किटली तशीच हातात धरून ते गोलाच्या बाहेर जाऊन उभे राहिले. भिंतीजवळच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग एक जण आला, माझ्या मागे पेड धरला. मग दोघे. मग सगळे सात.

"कुठल्या बाजूला?" माझ्यामागच्या म्हाताऱ्याने दबक्या आवाजात विचारलं.

"ओढ्याकडे," मी म्हणाले. "आणि तोंड बंद ठेवा, तिला ऐकू यायला हवं."

वीस जणांचा जोर लागला तेव्हा तो पेड जो उठला, एकावर एक बसत गेला, की पेंढ्याचा करकर आवाज देवळाच्या मागच्या डोंगरावरून परत आला. हिसानोचा आवाज वाढत गेला. आयुष्यात तिला एवढ्या मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि यासुतारोंच्या आवाजापेक्षा तो मोठा होता, हे मी शपथेवर सांगेन. पावणेबाराला तिने शेवटची गाठ मारली. डाव्या हाताने. सगळ्यांच्या देखत.

दोर कमानीवर बांधायची गाठ गावात फक्त यासुतारोंना येते, म्हणून शहात्तराव्या वर्षी तेच शिडीवर चढले. वरून त्यांनी विचारलं, "मधोमध आहे का गं, हिसानोसान?" नावाने, आणि वर मानाचं 'सान' लावून. हिसानो जरा मागे सरकली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, थोडा ओढ्याकडे. त्यांनी सरकवला. आणखी थोडा. सरकवला. आता परत थोडा देवदाराकडे. माझ्या मते तो पहिल्यांदाच मधोमध होता. प्लास्टिकच्या दोराचं खोकं सभागृहात तसंच बंद पडलंय, त्यावर हल्ली मांजर निजतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढोल सुरू झाले. पालखी निघायची होती, पोरं निळे सदरे घालून उभी होती, आणि नदीपलीकडचे प्रमुख बुधला घेऊन आले. कमानीखाली थांबले. मान वर करून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, मग पुन्हा उलट. त्यांनी हसायला तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं, बुधला खाली ठेवला आणि कंबरेतून वाकले. कुणी वळलाय, त्यांनी विचारलं. यासुतारो म्हणाले, "आमच्या हिसानोसाननी." 'आमच्या' म्हणतानाचा आवाज ऐकायला हवा होता. ढोलवाल्या पोरांनी ढोल असे बडवले की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

मी तिला शोधत होते. ती गर्दीच्या पुढे गेली होती. कमानीखालून वाकून आत गेली, देवापुढे उभी राहिली, दोनदा वाकली, दोनदा टाळ्या वाजवल्या आणि हात जोडून थांबली. बराच वेळ. आमच्यातलं कुणी देवापुढे एवढा वेळ थांबत नाही, मागे रांग असते. शेवटचं वाकून ती परत आली तेव्हा मी विचारलं, एवढं काय मागितलंस?

"मागितलं काही नाही गं," ती म्हणाली. "हा मी वळलाय, एवढंच सांगितलं."